उचलीची वही आणि विम्याचा हप्ता

‘लहान धंद्याला नोकरांचा आरोग्य विमा परवडत नाही’ हे विधान आपल्याकडे सिद्धांतासारखे उच्चारले जाते. व्यापारी ते उच्चारतात, त्यांचे करसल्लागार उच्चारतात, कामगार कायद्यांत ‘सुधारणा’ करणारे राज्यकर्ते उच्चारतात. आणि ज्यांच्याविषयी ते उच्चारले जाते ते नोकरही, मान खाली घालून का होईना, ते मान्य करतात. एखादे विधान सर्वमान्य झाले की त्याची तपासणी थांबते. आम्ही भाषेचे अध्यापक आहोत, अर्थशास्त्राचे नव्हे. परंतु वाक्यातला कर्ता कोण आणि क्रियापद कोणाला लागू होते, हे पाहण्याची सवय आमच्या व्यवसायानेच आम्हाला लावली आहे. त्या सवयीने पाहिले तर प्रश्न पडतो की, ‘परवडत नाही’ ते नेमके कोणाला? आणि जे परवडत नाही ते नेमके काय? विम्याचा हप्ता, त्यासाठीचे कागद, की नोकराचे नाव कुठल्यातरी सरकारी नोंदीत चढणे? हे वाक्य तिन्हींची सरमिसळ करते आणि या सरमिसळीवरच ते इतकी वर्षे तगून आहे.

ही तपासणी आम्ही आमच्या गावापासून करू. अहमदपूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. दोन्ही शहरे इथून साठ-सत्तर किलोमीटरांवर. मोंढ्यातल्या आडती, कापडाची आणि भांड्यांची दुकाने, खत-बियाण्यांची दुकाने, हॉटेले, गॅरेज, मेडिकल स्टोअर, खाजगी दवाखाने, शिकवण्या, पतसंस्था ही इथली रोजगाराची ठिकाणे. यांतल्या बहुतेक ठिकाणी दोन, चार, फार तर आठ-नऊ माणसे कामाला असतात. इथे ‘कामगार’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. ‘माणूस’ असतो, ‘गडी’ असतो, ‘पोरगा’ असतो. पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप असलेला सेल्समनही दुकानाच्या भाषेत ‘आमचा पोरगा’च राहतो. या शब्दात माया नसते असे आम्ही म्हणणार नाही. पण पोराला खाऊ मिळतो, रागावून घ्यावे लागते, प्रसंगी मदतही मिळते. हक्क तेवढा मिळत नाही. मायेच्या एका शब्दाने कायद्याची जागा कशी व्यापून टाकावी, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला वर्गात देता आलेले नाही.

आपल्या साहित्यानेही या ‘पोराची’ फारशी दखल घेतली नाही. मराठी साहित्यातला कामगार प्रामुख्याने मुंबईचा आणि गिरणीचा. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे यांच्यापासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत त्याचा चेहरा आपल्या ओळखीचा झाला. गल्ल्याच्या अलीकडे उभा राहून दिवसभर साड्या उलगडणारा आणि घड्या घालणारा, आडतीवर पोत्यांची नोंद ठेवणारा, दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारा माणूस आपल्या कथा-कादंबऱ्यांत अपवादानेच आला, आणि आला तो पार्श्वभूमीला. जे साहित्यात घडले तेच कायद्यातही घडले, हा योगायोग नसावा.

कर्मचारी राज्य विमा योजनेचा इतिहास पाहावा. प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. या योजनेच्या नजरेसमोर कारखाना होता. एका छपराखाली शेकडो माणसे, एक हजेरीपट, एक मालक, आणि जवळच कामगार रुग्णालय. मुंबईच्या परळसारख्या गिरणगावात हे चित्र खरे होते. योजना म्हणूनही ती क्षुद्र नव्हती. कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचार, बाह्यरुग्ण विभागातली औषधे, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता, बाळंतपणात २६ आठवड्यांचे वेतन इतके सगळे तिच्यात आहे. खाजगी कंपनीची कोणतीही साधी पॉलिसी आजारपणातला पगार देत नाही. ही योजना देते.

आणि तिची किंमत काय? १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्का आहे. दहा हजार रुपये पगाराच्या माणसामागे मालकाने महिन्याला ३२५ रुपये भरायचे. म्हणजे दिवसाला अकरा रुपयांहूनही कमी. गिऱ्हाइकाला पाजल्या जाणाऱ्या एका कटिंग चहाइतकाच हा आकडा आहे. तेव्हा ‘हप्ता परवडत नाही’ हे वाक्य, निदान या योजनेपुरते, आम्ही स्वीकारू शकत नाही.

मग दुकानदार खोटे बोलतो काय? तसेही नाही. त्याच्या तक्रारीत तथ्य आहे. मात्र ते तो सांगतो तिथे नाही. त्याला हप्ता जड जात नाही. त्याला जड जाते ती नोंदणी, दरमहाचा भरणा, त्यासाठी हिशेबनिसाला द्यावे लागणारे पैसे, उशीर झाला तर १२ टक्के व्याज आणि तपासणीला येणाऱ्या माणसाची भीती. कारखान्याच्या कार्यालयात हे काम करायला एक कारकून असतो. दुकानात तो कारकून म्हणजे स्वतः मालक, रात्री साडेनऊला शटर ओढल्यावर. शिवाय एवढे करून पदरात पडते काय? मराठवाड्यात या योजनेचे रुग्णालय आहे ते छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला. त्याखेरीज सोलापूरचे. अहमदपूरच्या माणसाने तापाने फणफणलेले लेकरू घेऊन कोणत्या एसटीने तिथे जायचे? सेवा जवळ नसलेल्या विम्याचा हप्ता कितीही लहान असला तरी तो भरणाऱ्याला दंडासारखाच वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

इतके मान्य करून आम्ही दुसऱ्या, अधिक अडचणीच्या गोष्टीकडे येतो. दुकानदाराच्या मनातली खरी भीती कागदाच्या कष्टांची नाही. कागद काय उघड करील याची आहे. नाव हजेरीपुस्तकात चढले की पगाराचा आकडाही चढतो. तो आकडा राज्याच्या किमान वेतनाशी ताडून पाहता येतो. कामाचे तास दिसतात, साप्ताहिक सुट्टी दिसते किंवा तिचा अभाव दिसतो. विम्याच्या ३२५ रुपयांमागे ही सगळी रांग उभी आहे आणि ‘परवडत नाही’ हे म्हणणे या रांगेला उद्देशून आहे. ते स्पष्ट बोलले जात नाही एवढेच. आम्हाला विमा परवडत नाही, असे म्हणणाऱ्या कित्येकांना खरे म्हणजे माणूस कायद्याच्या भावाने परवडत नाही. ही वेगळी तक्रार आहे. तिची चर्चा व्हावी. पण आरोग्याच्या आडून नव्हे.

आता या व्यवहाराच्या मध्यभागी असलेल्या वस्तूविषयी बोलू. ही वस्तू म्हणजे उचलीची वही. आमच्या भागात ‘उचल’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. ऊसतोड कामगाराला मुकादमाकडून मिळते ती उचल, सालगड्याला साल ठरताना मिळते ती उचल, आणि दुकानातल्या माणसाला बायकोचे सिझर झाले, आईचा खुबा मोडला, पोराला न्युमोनिया झाला की मालकाकडून मिळते तीही उचलच. मोंढ्यातला आरोग्य विमा तो हाच. कुणीही नाव न दिलेला, कुठल्याही प्राधिकरणाकडे नोंद नसलेला, परंतु घरटी चालणारा. तेव्हा नोकराच्या आजारपणावर लहान धंदा खर्च करीत नाही हे खरे नाही. तो आजही करतो. फक्त हा खर्च कोणाच्या नावे पडतो, ते पाहिले पाहिजे.

समजा, नऊ हजार पगाराच्या माणसाने आजारपणासाठी चाळीस हजारांची उचल घेतली आणि महिन्याला दोन हजार कापून घ्यायचे ठरले. फेडायला वीस महिने लागतील. मालकाने व्याज घेतले नाही असे धरू. बरेच मालक घेत नाहीत, आणि हे त्यांच्या माणुसकीचे लक्षण आहे. बाजारातला दर महिना दीड टक्का धरला, तर मालकाचे सुमारे ६,३०० रुपयांचे व्याज बुडाले. याउलट दहा माणसांचा विमा काढला असता तर त्याच पगारावर त्याला वर्षाला ३५,१०० रुपये भरावे लागले असते. मालकाचा निष्कर्ष उघड आहे. उचल स्वस्त. आता वहीचे दुसरे पान पाहू. विमा असता तर त्या माणसाच्या पगारातून वीस महिन्यांत १,३५० रुपये कापले गेले असते. उचलीत त्याने चाळीस हजार फेडले. आजारपणात गेलेल्या दिवसांचा पगार गेला तो निराळाच. मालकाला जे परवडले, ते या माणसाच्या खिशातून परवडले. ‘परवडत नाही’ या वाक्याचा लपलेला कर्ता आम्हाला इथे सापडतो.

आणि पैशांचा हिशेब हा या वहीचा निम्माच भाग आहे. उचल फिटेपर्यंत माणूस दुकान सोडू शकत नाही. दुसऱ्या दुकानात हजार रुपये जास्त मिळत असले तरी आधी जुनी उचल चुकती करावी लागते. नाहीतर नवा मालक ती चुकती करतो आणि माणूस कर्जासकट एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. पगारवाढ मागायची तर वहीतला आकडा आड येतो. रविवारी बोलावले तर नाही म्हणवत नाही. ज्याने आईच्या ऑपरेशनला पैसे दिले त्याच्यापुढे हक्काची भाषा काढणे कृतघ्नपणाचे वाटते. उपकार आणि कर्ज यांची अशी गाठ बसली की ती कोणत्याही कामगार न्यायालयाला सुटत नाही. आम्ही दुकानदाराच्या दयाळूपणावर शंका घेत नाही. त्या दयेवर उभी राहिलेली व्यवस्था मात्र आम्हाला मान्य नाही.

या व्यवस्थेपुढे शासन काय करते? ते एक आकडा ठरवते आणि दूर उभे राहते. तो आकडा आहे दहा. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कर्मचारी राज्य विम्यासाठी दहाची मर्यादा कायम ठेवली. ‘अधिसूचित क्षेत्र’ ही जुनी अडचण तिने दूर केली, धोकादायक व्यवसायात एकच कामगार असला तरी योजना लागू होऊ शकेल असे म्हटले, दहांहून कमी माणसांच्या ठिकाणी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने येण्याची मुभा दिली. हे सारे स्वागतार्ह आहे. पण २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी १३ कोटींहून थोडी अधिक माणसे आढळली. म्हणजे एका आस्थापनेत सरासरी सव्वादोन माणसे. ज्या देशाची सरासरी सव्वादोन आहे तिथे दहाची रेघ ओढणे म्हणजे घराबाहेर दिवा लावून घरात उजेड झाल्याचे जाहीर करणे होय. महाराष्ट्राने तर ही रेघ पुढेच सरकवत नेली. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दहांहून कमी माणसांच्या दुकानांना केवळ माहिती कळवण्यापुरते बंधन ठेवले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. अशा रेघांचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. नऊ माणसे कागदावर राहतात. दहावा माणूस भावाच्या नावच्या दुकानात जातो, नाहीतर कुठेच नसतो. लहान धंदा लहानच राहावा, निदान लहानच दिसावा, अशी ही उत्तेजनाची योजना आहे.

कधी शासन उलट्या टोकालाही जाते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी अंशतः शिथिल करताना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत, कामाच्या ठिकाणी कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा असेल, अशी एक ओळ होती. एक ओळ! पैसा कुठला, पॉलिसी कोणती, दोन माणसांच्या गॅरेजला ती कोण देणार, यांतले काहीच तीत नव्हते. त्या ओळीचे पुढे काय झाले हे बाजारपेठेत कुणी विचारलेही नाही. आणि ज्याला स्वतःहून नोकरांचा विमा काढायचा आहे त्याची वाट तरी मोकळी आहे काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आला. सामूहिक पॉलिसीवरचा, म्हणजे मालकाने नोकरांसाठी काढावयाच्या पॉलिसीवरचा, तसाच राहिला. आपल्या घरचा विमा काढणाऱ्याला माफी आणि नोकरांचा काढणाऱ्याला कर, यामागचे तत्त्व कोणी समजावून सांगितले तर आम्ही ऋणी राहू.

इथे एक आक्षेप येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ना? २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत गेली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाले. मग मालकाच्या मानेवर आणखी ओझे कशाला? या योजनेने आमच्या भागातली अनेक माणसे वाचवली आहेत आणि तिला कमी लेखण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची आणि साखरेची रोजची गोळी, तपासणीची फी, रक्तलघवीच्या चाचण्या तिच्यात बसत नाहीत. आणि आजारपणात बुडालेला पगार तर तिच्या कल्पनेतच नाही. हृदयाची शस्त्रक्रिया मोफत झाली तरी पुढचे दोन महिने घरात चूल कशी पेटायची? त्यासाठी पुन्हा उचलीचीच वही उघडते. साखरेची गोळी पगाराच्या शेवटच्या आठवड्यात बंद होते आणि काही वर्षांनी त्याच माणसाच्या मूत्रपिंडांवर सरकार लाखो रुपये खर्च करते. याला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप आमच्या मित्रांकडून येईल. म्हणजे ज्यांना कामगारांविषयी खरी आस्था आहे त्यांच्याकडून. ते म्हणतील, मर्यादा काढून टाका आणि प्रत्येक मालकावर सक्ती करा. आम्हाला हेही अपुरे वाटते. दोन माणसे ठेवणाऱ्या पंक्चरवाल्याला ‘भांडवलदार’ ठरवून त्याच्यावर नोटिसा बजावल्याने फक्त नोटिसांची संख्या वाढेल. तो स्वतः बारा तास उकिडवा बसून काम करतो आणि त्याच्या स्वतःच्या छातीत कळ आली तर तोही शेत विकायला काढतो. शिवाय विमा एकेका मालकाच्या गळ्यात बांधण्यात मूळचाच दोष आहे. तीन माणसांच्या दुकानातला एक जण मधुमेही निघाला तर तिघांचाही हप्ता महाग होतो, आणि मग मालक पुढच्या वेळी माणूस घेताना त्याचे वय आणि प्रकृती न्याहाळतो. नोकरी सुटली की विमा सुटतो. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातल्या वेतनगोठवणीच्या काळात हा मार्ग धरला आणि तो तिला आजतागायत सोडता आलेला नाही; तिथेही २०१० च्या कायद्याने सक्तीची रेघ पन्नास पूर्णवेळ माणसांवर ओढली आणि त्या रेघेखालचे दुकान पुन्हा मोकळेच राहिले. याउलट जर्मनीने १८८३ साली आजारपणाचा विमा सुरू केला, तेव्हा मोठ्या कारखान्यांना स्वतःचे निधी ठेवता आले, पण विखुरलेल्या लहान धंद्यांतल्या कामगारांसाठी गावोगावचे स्थानिक निधी होते. दुकान लहान असले तरी निधी लहान नव्हता. आम्हाला मुद्दा सापडतो तो इथे.

पण त्यासाठी जर्मनीला जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राने हे दोनदा करून दाखवले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यापुढे प्रश्न हाच होता. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या आडतीवर, दुपारी त्या गोदामात. मग कायद्याने मंडळ मध्ये उभे केले. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची ठराविक लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, उपचार यांची सोय लावायची. कोणत्याही एका दुकानावर एका माणसाच्या आजारपणाचा भार पडला नाही. माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्यांच्या तक्रारीही पुढे झाल्या, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून देखरेख कडक हवी. कल्पना टाकाऊ ठरत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या मातीतले आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडून दिवस काढले. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्याकडून थोडे थोडे घेऊन खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम दिले गेले. दुकानदार आजही वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत हा कर भरतो. त्याची नोंदणी आहे, भरण्याची वाट मळलेली आहे, कुणाचा धंदा त्यापायी बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. जे राज्य दुकानदाराच्या पैशातून रानातल्या मजुराला काम देऊ शकले, त्याला त्याच दुकानातल्या माणसाच्या औषधासाठी मार्ग सापडू नये हे आम्हाला पटत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. माणसे मोजणे बंद करावे. एक नोकर असो वा अकरा, वेतनाच्या ठरलेल्या टक्क्याने अंशदान घ्यावे. ते घेण्यासाठी नवी नोंदणी आणि नवा निरीक्षक नको. जो भरणा दुकानदार आधीपासून करतो त्याच्याच जोडीला ते घ्यावे. दोन-तीन माणसांच्या धंद्यांचा वाटा पहिली काही वर्षे सरकारने उचलावा. मालकालाही याच निधीत सभासद होता यावे. निधी जिल्ह्याचा असावा, आणि त्यातला मोठा भाग तालुक्याच्या ठिकाणी खर्च व्हावा. सरकारी रुग्णालयात रोजची औषधे मिळावीत, तपासण्या व्हाव्यात, आणि आजारपणात निदान काही आठवड्यांचा पगार निधीतून यावा. सेवा दिसली तर हप्ता जड होणार नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी आली तेव्हा सातवा दिवस मालकाच्या हिशेबातून गेला; गिरण्या त्यापुढे अनेक दशके चालल्या. बंद पडल्या त्या सुट्टीमुळे नव्हे.

हे लिहिताना आम्ही फक्त मोंढ्याकडे बोट दाखवीत नाही. ज्या खाजगी दवाखान्यांत दुकानातला माणूस उचल घेऊन जातो, तिथल्या परिचारिकेला आणि कंपाउंडरला स्वतःला विमा नसतो. ज्या महाविद्यालयांत आम्ही कामगारसाहित्य शिकवतो तिथे तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी आहेत. त्यांना घेतलेल्या तासांचे मानधन मिळते, आजारपणाच्या दिवसांचे काही नाही. चाळिशी ओलांडलेली, पीएच्.डी. झालेली ही माणसे तापात उभी राहून व्याख्यान देतात, कारण तास बुडाला तर पैसे बुडतात. त्यांच्याविषयी बोलताना संस्थाचालकांच्या तोंडीही हेच वाक्य असते. ‘परवडत नाही.’ आडतीवरच्या दिवाणजीचा आणि या प्राध्यापकाचा प्रश्न एकच आहे, हे दोघांनाही अजून उमगलेले नाही. आणि ते उमगले तर बाजारपेठेची आणि शिक्षणसंस्थेची एकच मोठी तक्रार उभी राहील.

व्यापारी महासंघाच्या पुढच्या बैठकीत जीएसटीवर, पार्किंगवर, ऑनलाइन विक्रीवर ठराव होतील. त्यांत आणखी एका ठरावाची भर घालावी, अशी आमची अहमदपूरच्या व्यापाऱ्यांना जाहीर विनंती आहे. आमच्या दुकानांत काम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याचा एकत्रित निधी करा, आम्ही आमचा वाटा भरू. मात्र औषध इथे, या गावात मिळाले पाहिजे, असा तो ठराव असावा. तो त्यांनी केला तर ‘परवडत नाही’ हे वाक्य शासनाकडे जाईल आणि उत्तर देण्याची पाळी त्याची असेल. तो त्यांना करवला नाही, तर निदान त्यांनी आपापली उचलीची वही एकदा उघडावी, तिच्यातल्या किती रकमा आजारपणाच्या आहेत त्यांवर खूण करावी, आणि समोरच्या नावाखाली वय लिहावे. ‘पोरगा’ हा शब्द त्यानंतर त्यांना वापरवतो का, ते त्यांचे त्यांनीच पाहावे.